मदत हवी आहे: गावच्या वाचनालयात कोणता ब्राउझर ठेवू?

रामराम मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) एका गावात आमचं सार्वजनिक वाचनालय आहे. तिथले चार जुने संगणक मी सांभाळतो. सातबारा, शिष्यवृत्ती, दहावीचा निकाल, पीकविमा, सगळ्यासाठी लोकं इथंच येतात.

2024 च्या खरिपात एका काकाजींनी विम्याचा अर्ज शोधला. सर्वात वर आलेली जाहिरात त्यांना सरकारी साइटच वाटली. 1 रुपयाच्या विम्यापायी 300 रुपये गेले. पेरणीच्या दिवसातले 300 रुपये! मी बाजूलाच बसून होतो, याचं अजून वाईट वाटतं.

त्याच संध्याकाळी चारही मशीनवर फायरफॉक्स टाकून यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन लावलं. क्रोमने मॅनिफेस्ट व्ही3 ही एक्स्टेन्शनसाठीची नवी नियमावली आणून ते बंद पाडलं, फायरफॉक्सने चालू ठेवलं. तेव्हापासून असा प्रकार झाला नाही.

पण आता वेगळीच काळजी लागली आहे. 2025 च्या मे महिन्यात फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या वित्तप्रमुखांनी अमेरिकेच्या कोर्टात, गूगलच्या सर्च-मक्तेदारीच्या खटल्यात, साक्ष दिली: कंपनीची सुमारे 90 टक्के कमाई फायरफॉक्समधून येते, आणि त्यातली 85 टक्के एकट्या गूगलकडून, आपलं सर्च आधीपासून लावून ठेवण्याचे पैसे म्हणून. म्हणजे जाहिरात अडवणारा ब्राउझर जगतो जाहिरातीच्याच पैशावर. सप्टेंबरमध्ये त्याच खटल्यात न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलला असे पैसे द्यायला मुभा ठेवली, फक्त दुसऱ्या कोणाचं सर्च नकोच, अशी अट घालायला मनाई केली. तेवढ्यानं मोझिलाने तग धरला. पण मोझिलाने 2024 मध्ये ॲनोनिम ही जाहिरात-मापनाची कंपनी विकत घेतली, आणि फायरफॉक्स 128 मध्ये कोणत्या जाहिरातीचा उपयोग झाला हे मोजायची सोय न विचारता चालू करून दिली. ती मी सेटिंगमधून बंद केली. मन मात्र खट्टू झालं.

एज, ब्रेव्ह, ऑपेरा हे सगळे क्रोमियमवरच, म्हणजे क्रोमच्याच पायावर, उभे. फायरफॉक्सचं स्वतःचं गेको इंजिन गेलं तर विंडोजवर आपल्याला दुसरं काय उरते?

जाणकारांनी सांगावं. फायरफॉक्सच ठेवू का? सर्च बदलून डकडकगो केलं तर मोझिलाचं उत्पन्न बुडवल्यासारखं होईल का? मोझिला फाउंडेशनला दिलेली देणगी ब्राउझर बनवण्यावर खर्च होत नाही, मग आम्ही शंभर-दोनशे रुपये काढले तर द्यायचे कुठे?

दोन मशीन विंडोज 7 च्या आहेत. त्यांच्यावर क्रोम 109 च्या पुढे जातच नाही, फायरफॉक्सची 115 ईएसआर (जास्त काळ अपडेट मिळणारी आवृत्ती) तेवढी चालते. तिथं विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकली तर मराठी टाइप करायचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड नीट चालेल का? दिवाळीच्या सुट्टीत फॉरमॅट करायला बसणार आहे.