गाडीत धुराचा वास येतोय, कुणी बघेल का?

सी-३०२: नमस्कार. विषय गाडीचा आहे, सोसायटीच्या ग्रुपवर चालेल ना? आमच्या डिझेल गाडीत महिनाभर धुराचा वास येतोय. दोनदा गॅरेजला दाखवून झालं. पहिल्यांदा केबिन फिल्टर बदलला, दुसऱ्यांदा एसीची कॉइल साफ केली. वास जिथल्या तिथे. सासूबाईंचं डोकं दुखायला लागतं, त्या आता गाडीत बसायचंच टाळतात.

बी-५०१: डिझेल आहे म्हटल्यावर वास येणारच हो. परफ्यूम लावा एखादा.

सी-३०२: लावलाय. आता परफ्यूम आणि धूर दोन्हीचा येतो. आणि दादा, सहा वर्षं नव्हता येत, मग आत्ताच काय झालं?

डी-२०३: ताई, नेमका कसला वास? कच्च्या डिझेलचा, जळक्या धुराचा, की तेल करपल्यासारखा? कच्चं डिझेल असेल तर फिल्टर, पाइप, टाकीची बाजू. करपट असेल तर इंजिनच्या वरच्या कव्हरमधून ऑइल झिरपून गरम मॅनिफोल्डवर (इंजिनमधला धूर गोळा करून बाहेर नेणाऱ्या पाइपावर) पडत असेल. गोडसर वास आणि काचेवर आतून चिकट धुकं असेल तर हीटरच्या कॉइलमधून कूलंट गळतंय. डीपीएफवाली (सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर असलेली) गाडी असेल तर काजळी जाळताना मध्येच एकदा गरम, जळकट वास येतो, तेवढा चालतो.

सी-३०२: डीपीएफ नाही. वासाचं म्हणाल तर मला धूर वाटतो, ह्यांना डिझेल वाटतं, मुलगा म्हणतो रबर जळतंय.

ए-१०४: मग वास कसला हे राहू द्या. माणूस बदलला की ते उत्तर बदलतं. वास कधी येतो तेवढं सांगा, ते तिघांचंही एकच येईल. गाडी उभी असताना की पळताना? इंजिन गार असताना की तापल्यावर? ब्लोअर बंद केला तर? बाहेरची हवा बंद करून आतलीच फिरवली तर? एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दोन-तीन मिनिटं थांबायचं. हे सगळं मोकळ्या जागी करा, खालच्या बंद पार्किंगमध्ये नको.

ॲडमिन: ए-१०४ काकांनी डिझेल इंजिनांवर आयुष्य काढलंय. त्यांचं होईपर्यंत कृपया गुड मॉर्निंग थांबवा.

सी-३०२: काका, आज सकाळी करून बघितलं. गाडी उभी, इंजिन तापलेलं, ब्लोअर चालू, बाहेरची हवा: दोन मिनिटांत वास. ब्लोअर बंद: जवळजवळ नाही. आतली हवा: कमी झाला. रस्त्यावर वेग घेतला की काहीच नाही, सिग्नलला थांबलो की पुन्हा हजर.

ए-१०४: वा, निम्मं काम तुम्हीच केलंत. वायपरच्या खाली काचेच्या पायथ्याशी जाळी असते, तिथून ब्लोअर बाहेरची हवा ओढतो. बॉनेटची मागची कड त्या जाळीच्या अगदी पुढ्यात. गाडी पळत असते तेव्हा समोरून येणारी हवा इंजिनचा धूर खालून मागे ढकलून देते. उभी राहिली की तोच धूर वर चढतो, बॉनेटच्या मागच्या कडेतून निघतो आणि सरळ जाळीत जातो. म्हणजे गळती बॉनेटखालीच आहे.

डी-२०३: माझ्या जुन्या गाडीचं बरोबर उलटं होतं! पळताना वास, उभी असताना नाही. गाडीच्या मागे हवेची पोकळी तयार होते आणि सायलेन्सरचा धूर तिथेच घोटाळतो. खिडकी उघडली की जास्तच आत यायचा. रात्री डिकीत टॉर्च लावून झाकण बंद केलं आणि बाहेरून बघितलं, तर मागच्या दिव्याच्या कडेने उजेडाची रेघ. दिवा काढून बसवताना खालचं गॅस्केट (फट बंद करणारी पट्टी) दुमडलं होतं.

बी-५०१: मग ताईंनी आतली हवा लावूनच गाडी चालवावी की. प्रश्न मिटला.

ए-१०४: नाही मिटला. दुसऱ्या कुठल्या फटीतून धूर आत आलाच तर तो आतच फिरत राहील. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डिझेलच्या धुरात तो पेट्रोलपेक्षा कमी असतो, पण कमी म्हणजे शून्य नव्हे. शिवाय डिझेलचा धूर कर्करोगाला कारण ठरतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ सालीच जाहीर केलंय. दुरुस्त होईपर्यंत गाडी शक्यतो काढू नका. काढावीच लागली तर पुढच्या काचा उघड्या ठेवा आणि उभ्या गाडीत बसून राहू नका. सासूबाईंचं डोकं उगाच दुखत नाही.

बी-५०१: बरं बुवा.

ए-१०४: ताई, उद्या सकाळी ६ ला मी खाली येतो. आधी गाडी चालू करू नका, मला इंजिन गार हवंय. आणि कुणीही हात घालून गळती शोधायची नाही. कॉमन रेलच्या, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या, पाइपात हजार बारच्या वर दाब असू शकतो. केसाएवढ्या भेगेतून आलेली धार कातडी फोडून आत शिरते.

(दुसऱ्या दिवशी)

सी-३०२: सापडलं! काकांनी वरचं प्लास्टिकचं कव्हर काढलं. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे चार इंजेक्टर, त्यातल्या तिघांच्या बुडाशी नुसती धूळ. तिसऱ्या नंबरच्या भोवती मात्र काळं, चकचकीत, डांबर ओतून वाळल्यासारखं. मला आधी ग्रीसच वाटलं. मग गाडी चालू केली तर तिथूनच हलकं चफ्‌-चफ्‌-चफ्‌. काकांनी लांब काठीला टिश्यूची पट्टी चिकटवून जवळ धरली, प्रत्येक चफ्‌ला पट्टी उडत होती. दोन गॅरेजवाल्यांनी ते कव्हर उघडलंच नव्हतं.

ए-१०४: इंजेक्टरच्या खाली तांब्याचा वॉशर असतो. तो बसला नाही की सिलिंडरमधला जळका वायू बाजूने वर येतो आणि त्यातलं तेल-काजळी थिजून हे डांबर होतं. मला आधी मॅनिफोल्डच्या गॅस्केटचा संशय होता. पण तिथे टर्रर्र आवाज गार असताना जास्त येतो, लोखंड तापून फुगलं की कमी होतो, आणि सांध्यावर काजळीचा कोरडा पट्टा दिसतो. इथे तसं काही नव्हतं. टर्बोचा सांधा आणि ईजीआरचा (थोडा धूर परत इंजिनात नेणारा) पाइपही बघितला, दोन्ही स्वच्छ.

डी-२०३: पण काका, एवढं डांबर महिन्याभरात साठेल?

ए-१०४: बरोबर पकडलंस. मलाही तेच खटकलं. पुढचं ताईंनी शोधलं.

सी-३०२: मी फक्त बॉनेट धरून उभी होते हो. मागच्या कडेला हात लागला तर रबराची पट्टी मध्येच संपलेली, वीतभर नुसत्या रिकाम्या क्लिपा. काका म्हणाले, हीच पट्टी इंजिनची हवा जाळीपर्यंत येऊ देत नाही. मागच्या सर्व्हिसला निघाली असणार. म्हणजे धूर बहुधा वर्षभर होता, आत यायला वाट महिन्यापूर्वी मिळाली.

ए-१०४: दोन्ही कामं करून घ्या. नुसती पट्टी लावली तर वास जाईल पण गळती राहील, आणि ते डांबर इतकं घट्ट होईल की इंजेक्टर निघायचा नाही. गॅरेजवाल्याला सांगा: वॉशर नवाच हवा, जुना उलटा करून बसवायचा नाही. खालची बैठक घासून स्वच्छ करायची. नुसता बोल्ट आवळून तर अजिबात देऊ नका.

बी-५०१: वॉशर केवढा असतो?

ए-१०४: शर्टाच्या बटणाएवढा.

(शनिवार)

सी-३०२: गाडी आली. वॉशर नवा, पट्टी नवी. मोकळ्यावर वीस मिनिटं उभी ठेवली, धूर नाही. पण आता कच्च्या डिझेलचा वास येतोय. मी रडू का?

डी-२०३: इंजेक्टर काढताना डिझेल सांडतं, आणि ते पेट्रोलसारखं पटकन उडून जात नाही. पुसून घ्या, दोन दिवस द्या. रात्री खाली पुठ्ठा पसरून ठेवा.

(सोमवार)

सी-३०२: इंजिनखालचं संरक्षक कव्हर काढून ठेवलंय. पुठ्ठ्यावर रुपयाएवढा एक डाग. एकच.

ए-१०४: इंजेक्टरच्या वरच्या बारीक रिटर्न पाइपांना (उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या) क्लिपा असतात, तिसऱ्याची बघू. येतोय खाली.

सी-३०२: अर्धवटच बसली होती. काकांनी दाबली, टक्‌ असा आवाज आला. पुठ्ठा बदललाय.

बी-५०१: मी आत्ताच जाऊन माझ्या बॉनेटचं रबर बघून आलो. आहे. काका, इंजेक्टरवरचं कव्हर उघडायला कुठला पाना लागतो?