किट कारचं 'मूळ रूप' म्हणजे नेमकं कोणतं?

घोडपदेवकर: माझगावच्या एका गोदामात माझ्या काकांची गाडी बावीस वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. आता ती माझ्या ताब्यात आली आहे. खाली स्टँडर्ड हेराल्डची चासी आणि वर १९७४ साली काकांनी दोन मिल फिटर मित्रांना घेऊन स्वतः ओतलेली फायबरची उघडी टू-सीटर बॉडी. उजवा मडगार्ड डाव्यापेक्षा बोटभर उंच आहे. डॅशबोर्डच्या आत रेझिनखाली पेन्सिलीने लिहिलेलं 'डावा, २ मॅट' (डावीकडे काचतंतूंच्या मॅटचे दोन थर) अजून वाचता येतं. गॅरेजवाले म्हणतात, लांबी (पुटी) भरून दोन्ही बाजू सारख्या करून देऊ. माझ्या मते असं करू नये. ही गाडी ज्यांनी जोडली त्यांचा हात दिसणं, हेच तिचं मूळ रूप.

कुर्ला_फिटर: मी विरोधात. फायबर काढा आणि हेराल्ड परत उभी करा. १९६१ पासून मद्रासला बनलेली गाडी आहे ती, आज रस्त्यावर दिसते का? चासी वेगळी होती म्हणूनच काकांना बॉडी उचलता आली. फियाट ११०० असती तर जमलंच नसतं, तिची बॉडी हीच चासी. चांगल्या गाडीचा बळी देऊन झालेली हौस आपण का जपायची?

घोडपदेवकर: बळी नाही हो. अपघातात छप्पर चेपलेली, भंगारात चाललेली हेराल्ड होती.

जुना_पाना: मग फायबरच राहू द्या. पण हिला किट कार म्हणू नका, ही 'स्पेशल', म्हणजे कुणीतरी स्वतःच्या हाताने घडवलेली एकुलती एक गाडी. किट कार म्हणजे कंपनी बॉडी आणि सुटे भाग विकते, गिऱ्हाईक घरी जोडतं. ब्रिटनमध्ये हे फोफावलं ते करामुळे. तयार गाडीवर खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता. अट अशी की सोबत जोडणीच्या सूचना द्यायच्या नाहीत. म्हणून १९५७ साली आलेल्या लोटस सेव्हन या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीसोबत गाडी 'सुटी कशी करायची' याचा कागद मिळायचा, गिऱ्हाइकाने तो उलटा वाचायचा! १९७३ मध्ये व्हॅट आला, ती सवलत संपली आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले. आपल्याकडे असे खोके मिळत नव्हते. लोक मासिकातला फोटो बघून साचा करायचे. म्हणूनच तुमचा वर चढलेला मडगार्ड मला मोलाचा वाटतो.

आरटीओचा_फेरा: भावना समजते, पण कागदांचं काय? २०२१ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे 'व्हीए' मालिकेची विंटेज नोंदणी पन्नास वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ स्वरूपातल्या गाडीलाच मिळते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. नव्या नोंदणीचे २०,००० रुपये भरूनही तुमची गाडी तिथे अडेल. शिवाय मोटार वाहन कायद्याचं, गाडीतल्या बदलांबाबतचं कलम ५२ आहेच. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की आरसीतला तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येणार नाही.

घोडपदेवकर: आमच्या आरसी बुकात त्या वेळीच 'ओपन बॉडी' अशी नोंद आणि शिक्का आहे. तरी व्हीएच्या मागे मी लागणार नाही. दारात उभी राहिली तरी चालेल. पण नियमात हाताने बनवलेल्या गाड्यांसाठी जागा हवी, हे मी ठामपणे म्हणतो.

उतारावरचा: मला मडगार्डपेक्षा मागच्या चाकांची काळजी वाटते. हेराल्डला मागे आडवी कमान (पट्ट्यांची स्प्रिंग) आणि स्विंग ॲक्सल, म्हणजे मधल्या सांध्यावर वर-खाली झुलणारा ॲक्सल. जोरात वळलात की बाहेरचं चाक खाली दुमडतं. फायबर पत्र्यापेक्षा हलकं, त्यामुळे मागची बाजू उचललेली राहते आणि धोका वाढतो. शिवाय फायबर गंजत नाही, पण समुद्राच्या हवेत खालची चासी गंजते आणि वरून काही कळत नाही. 'जसं आहे तसं ठेवा' हे इथे जिवावर बेतेल.

घोडपदेवकर: हे शंभर टक्के मान्य. काल गाडीखाली झोपून पाहिलं. मागची बाजू खाली बसावी म्हणून काकांनी कमानीचं एक पान काढलेलं आहे, म्हणजे त्यांनाही हे ठाऊक होतं. डाव्या बाजूचा चासीचा आधार मात्र स्क्रू ड्रायव्हर टोचला तर आरपार गेला. तो कापून नवा वेल्ड करणार, ब्रेकचे पाइप आणि सिलिंडर सगळे नवे घेणार. बॉडीला पॉलिशपलीकडे हात लावणार नाही.

कुर्ला_फिटर: बॉडीचं मला अजून पटलेलं नाही. पण वेल्डिंगच्या आधी दरवाजाच्या जागी आडवी पट्टी ठोका, नाहीतर चासी वाकेल. बॉडी कधी उचलताय?

घोडपदेवकर: रविवारी सकाळी सातला. सहा माणसं लागतील, सध्या चार आहोत.