जुन्या बुलेटची सीट खाली आणायची आहे, मागचे शॉकअप बदलू का?

मेघा_मानेवाडा:
१९९६ ची बुलेट स्टँडर्ड ३५०. कास्ट आयर्न इंजिन, गिअर उजव्या पायाला, मागचा ब्रेक डाव्या पायाला. मामांनी फार जपलेली गाडी, आता माझ्याकडे आहे. इंजिनाची काहीच तक्रार नाही.

माझी उंची ५ फूट १ इंच, वजन ५४ किलो. चालत्या गाडीवर अडचण येत नाही, थांबताना येते. मेडिकल चौकात सिग्नलला दोन्ही पायांचे नुसते चवडे टेकतात. सिमेंट रोडच्या कडेला, जिथं रोड वर आणि गट्टू (सिमेंटचे ठोकळे) खाली, तिथं एक पाय हवेतच राहतो. एवढी जड गाडी एकदा कलली की माझ्यानं सावरत नाही.

दीड इंच खाली आली तरी माझं काम होईल. इथं तिघं तीन गोष्टी सांगून राहिले. एक म्हणतो स्प्रिंगचे दोन वेढे कापून देतो. दुसरा म्हणतो लहान गाडीचे शॉकअप बसवू. तिसरा चिमट्यावर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) पट्टी वेल्ड करून शॉकअपची खालची जागाच सरकवायला निघाला. सध्या शॉकअपची रिंग, जिनं स्प्रिंग कमी-जास्त दाबता येते ती, सगळ्यात मऊ खाचेवर आहे. त्यानं गाडी किंचित उतरली, पण आई मागे बसली की ब्रेकरवर धाडकन आपटते. रविवारी आईला घेऊन रामटेकला जाते, म्हणून मागे माणूस बसणार हे धरूनच सांगा. आणि मूळ गाडीला कायमची कापाकापी नको.

कोराडीरोडकर:
वेल्डिंग आणि स्प्रिंग कापणं, दोन्ही सोडून द्या. एक इंच आखूड शॉकअप घ्या. लांबी वरच्या भोकाच्या मध्यापासून खालच्या भोकाच्या मध्यापर्यंत मोजायची, बाहेरून बाहेर नाही. माझ्या येझदीला तसेच आहेत, एकट्याला छान चालतात.

लेथवाला_हिंगणा:
मेघाताई, माझं हिंगणा एमआयडीसीत लेथचं काम आहे. जुन्या गाड्यांचे बुश, पिना, स्पेसर रोज हातून जातात. अशी गाडी वाचली पाहिजे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्प्रिंगला कटर लावू देऊ नका. वेढे कमी झाले की उरलेली स्प्रिंग मऊ नाही, उलट कडक होते, फक्त आखूड पडते. गाडी डबल स्टँडवर घेतली, चाक लोंबलं, की ती बैठकीत सैल खुळखुळते. शिवाय मूळ टोक घासून सपाट केलेलं असतं. कापलेलं टोक एकाच बाजूनं टेकतं, दांड्यावर तिरपा दाब येतो आणि सील जातं. गॅसनं तापवून स्प्रिंग दाबून आखूड करणं तर त्याहून वाईट, पोलादाचं पाणीच उतरतं.

आता हिशेब. शॉकअप आखूड केला म्हणून गाडी सरळ खाली येत नाही, ती पुढच्या ॲक्सलभोवती झुकते. बुलेटच्या दोन चाकांमधलं अंतर १३७० मिलिमीटर. तुम्ही मागच्या ॲक्सलच्या साधारण ४५० मिलिमीटर पुढे बसता असं धरा. मग मागून २५ उतरवले तर तुमच्या सीटला जेमतेम १७ मिळतात. सीटला दीड इंच हवा तर मागून सव्वादोन इंच पाडावे लागतील, आणि मागच्या चाकाची सगळी हालचालच मुळात तीन इंचांच्या आसपास. म्हणजे शॉकअपवर सगळा भार टाकून हे काम होणारच नाही.

सीटचा फोम मात्र २५ कापला की २५ च उतरतो. मूळ सीट काढून घरी जपून ठेवा आणि दुसरी सीट घेऊन ती कुशनवाल्याकडे न्या. बसायच्या जागी २५ मिलिमीटर कमी करायला सांगा. पुढचे दोन्ही कोपरे, जिथं मांड्या येतात, तेही निमुळते करून घ्या. रुंद सीट पाय बाहेर ढकलते, त्यातच बरीच लांबी वाया जाते. तुमच्या उंचीला खरा फायदा इथं आहे.

एवढं करून कमी पडलं तर शॉकअप १५ ते २० मिलिमीटर आखूड, त्याहून जास्त नाही. कोराडीरोडकर भाऊंनी सांगितली ती उघडी लांबी, म्हणजे शॉकअप पूर्ण ताणलेला असतानाची. ती लागतेच, पण डबलसीट चालवायची असेल तर खरा निकाल बंद लांबी लावते, म्हणजे शॉकअप पूर्ण दबल्यावर उरते ती. उघडी लांबी कमी असून आतली हालचाल तेवढीच असेल, तर शॉकअप दबतोही जास्त खोल आणि टायर मडगार्डला घासतो. गाडी डबल स्टँडवर घ्या, दोन्ही शॉकअप काढा, चाक फळीनं उचला. टायर आणि मडगार्डमध्ये २० मिलिमीटर राहिले की थांबा आणि दोन बोल्टांमधलं अंतर मोजा. शॉकअपची बंद लांबी याहून कमी असेल तर तो दुकानात कितीही छान दिसला तरी घेऊ नका. आणि हालचाल कमी केली की स्प्रिंग थोडी कडक लागते, नाहीतर आई बसल्यावर पुन्हा तेच आपटणं.

शॉकअप खोलता येणारे, साधे तेलाचे असतील तर आत दांड्यावर पिस्टन आणि सीलच्या मधे बाही (नळीचा तुकडा) घालून उघडी लांबी कमी करता येते, बंद लांबी तशीच राहते. पण नुसती बाही घालून गाडी उतरत नाही, स्प्रिंगची बैठकही तेवढीच सरकवावी लागते. गॅसचे असतील तर हात लावू देऊ नका, आत दाब असतो.

पुढून उतरवायचं मनात आणू नका. बुलेटचे फोर्क पाईप वर आट्यांनी बसतात, इतर गाड्यांसारखे क्लँपमधून वर सरकत नाहीत. मागून २५ उतरलं की गाडी साधारण एक अंश मागे झुकते. हँडल किंचित जड वाटेल आणि हेडलाईटचा झोत २५ मीटरवर जवळपास ४५ सेंटिमीटर वर जाईल, तो खाली करून घ्या. साइड स्टँड आता लांब पडेल, गाडी जास्त उभी राहील, उजवीकडे उतार असेल तिथं लावू नका. चेनचा ढिलेपणाही माणूस बसवून नव्याने पाहा.

स्वाती_सदर:
मी ५ फूट, बुलेटच चालवते. मेघा, तुझ्या गाडीचा ब्रेक डाव्या पायाला, म्हणजे थांबताना डावा पाय ब्रेकवर आणि उजवा जमिनीवर. हे आपल्या फायद्याचं आहे. आपण डावीकडून चालतो, रोड मधे उंच आणि डावीकडे उतरता असतो, त्यामुळे उजव्या पायाखालची जमीन वर येते. उतार शंभराला दोन धरला तर फूटभरावर ६ मिलिमीटर. कमी वाटतात, पण कळतात. दोन्ही चवडे टेकवायचा हट्ट सोड. सीटवर थोडी उजवीकडे सरक आणि एक पाय टाचेसकट टेकव. गट्टूकडे डावा पाय उतरवूच नको.

मेघा_मानेवाडा:
स्वाती, आज बाजारातून येताना तसंच केलं, खरंच खूप बरं वाटलं. काका, ॲक्सलपासून मडगार्डच्या काठापर्यंत मोजलं. चाक लोंबतं असताना आणि मी बसल्यावर, यात ३१ मिलिमीटरचा फरक आला. रिंग मऊ खाचेवरच आहे. आधी सीट करते. पण ही रिंग कुठे ठेवू?

लेथवाला_हिंगणा:
३१ जास्त आहेत. एकूण हालचालीचा पाव ते एक तृतीयांश भाग बसावा, म्हणजे तुम्हाला २० ते २५. हुक पाना घेऊन रिंग एक खाच कडक करा, दोन्ही बाजूंना सारखी, आणि पुन्हा मोजा. त्यात पाच-सात मिलिमीटर उंची वाढेल. ती सीटमधून वसूल करा, शॉकअप मऊ ठेवून नाही. रामटेकच्या दिवशी आणखी एक खाच. शेवटच्या खाचेवरही २५ च्या खाली येत नसेल तर स्प्रिंगा बसल्या आहेत, मग नवीन जोडीच घ्या, एक बदलून चालत नाही. आखूड जोडी घेतलीत आणि शॉकअपच्या भोकातले बुश जुळले नाहीत तर ते लेथवर बनवता येतात. त्यासाठी बोल्टचा व्यास आणि बुशची रुंदी व्हर्नियरनं घ्या, पट्टीनं नको.