कॅनडात लेकीच्या घरातल्या हीटिंगचा फॅन बंदच होईना, कुणाला यातलं माहीत आहे का?

वडगावचा वायरमन
नमस्कार मंडळी. मी बेळगावात वडगावला राहतो, उद्यमबागेत फौंड्रीत वायरमन म्हणून नोकरी झाली त्यामुळं मोटर, स्टार्टर, कॉन्टॅक्टर यातलं कळतं, पण घर गरम करायचं हे मशीन मी डोळ्यानं कधी बघितलेलं नाही. लेक टोरांटोजवळ असते, पंधरा दिवसांपूर्वी बाळंत झाली, आमची मंडळी बाळंतपणाला तिकडंच गेलीये. घर भाड्याचं, जुनं. तळघरात गॅसवरची फर्नेस आहे, तिची गरम हवा पत्र्याच्या डक्टमधनं सगळ्या खोल्यांत येते. परवापासनं तिचा फॅन रात्रंदिवस फिरायलाय. बर्नर विझला तरी फॅन चालूच, मग जमिनीतल्या जाळीतनं गार वारं येतंय आणि बाळंतिणीची कॉट नेमकी त्या जाळीला लागून. हिनं जाळीवर पाट ठेवून वर गोधडी टाकलीये. जावई म्हणतात थर्मोस्टॅटवर, म्हणजे भिंतीवरच्या तापमान ठरवायच्या डबीवर, फॅन ऑटोवरच आहे. घरमालक म्हणतो माणूस सोमवारी येईल, आणि बाहेर उणे बारा. इथं बसून मी त्यांना काय सांगू?

निपाणी रिवायंडिंग
काका, कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटर चालू-बंद करणारा स्विच, चिकटला असणार बघा. उसाच्या पंपाच्या स्टार्टरला होतंय की तसं, पॉइंट वेल्ड होतात मग बटन दाबलं तरी मोटर सोडत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं हळू टकटक करायला सांगा, सुटतोय.

खानापूर ते विनिपेग
काका, मी विनिपेगला आठ वर्षं हेच काम केलंय, आता गावी आलोय. निपाणीच्या दादांचं म्हणणं चूक नाही, रिले, म्हणजे तसलाच छोटा स्विच, चिकटतो, पण गॅसच्या मशीनवर चालू करंटमध्ये टकटक कुणी करू नका, घरात तान्हं बाळ आहे.

थर्मोस्टॅट ऑटोवर असला तरी त्याच्यावर विश्वास ठेवू नका, जावयांना तो भिंतीवरनं काढायला सांगा, मागं बारीक वायरी असतात, त्यात २४ व्होल्ट असतंय, पण आधी फर्नेसचं बटन बंद करूनच काढा. मग बटन परत चालू करायचं. फॅन थांबला तर दोष थर्मोस्टॅटचा किंवा त्याच्या सेटिंगचा, काही नवीन थर्मोस्टॅटमध्ये तासाला इतकी मिनिटं फॅन चालवायचं सेटिंग आत कुठंतरी लपलेलं असतं. थर्मोस्टॅट काढूनही फिरत राहिला तर दोष वायरीत नाहीतर खाली फर्नेसमध्येच.

दुसरं म्हणजे फिल्टर. तो चोंदला की हवा कमी जाते, आत जास्त तापतं, लिमिट स्विच गॅस तोडतो आणि मशीन गार करायला फॅन चालूच ठेवतो. एक जाळी झाकली तर एवढं काही होत नाही पण वैनींनी गारव्याच्या भीतीनं चार खोल्यांतल्या झाकल्या असतील तर त्याच कारणानं त्रास होईल, तेवढं विचारा. फर्नेस नवी असली तर खालच्या दाराला काचेचं बारीक भोक असतं, आत लाईट लुकलुकते, किती वेळा लुकलुकली ते मोजा, त्याचा अर्थ दाराच्या आतल्या स्टिकरवर छापलेला असतो.

शहापूरची अक्का
मी पण नातवाच्या वेळी तिकडं जाऊन आलेय. त्या जाळ्या बहुतेक खिडकीखाली, बाहेरच्या भिंतीला असतात, तिथंच सगळ्यात गार. कॉट आतल्या भिंतीला सरकवा, पाट काढा. बाळाच्या डोक्याला टोपडं असू दे.

वडगावचा वायरमन
अक्का, कॉट सरकवली, लेक म्हणते बरं वाटतंय.

रात्री साडेनऊला फोन केला, तिकडं सकाळचे अकरा. थर्मोस्टॅट काढला तरी फॅन फिरतोच. फिल्टर बाहेर काढला तर जुन्या गादीतल्या कापसासारखा करडा झालेला, नवीन आणून घातला, तरी तेच. जाळी ती एकच झाकली होती. लुकलुकणारी लाईट कुठंच नाही. वरच्या दाराच्या आत एक गोल चकती आहे, तिला तीन काटे आणि शेजारी एक पांढरं बटन. जावयांनी फोटो पाठवला, खाली जोडतोय. वरचं दार गेल्या आठवड्यात त्यांनी पुसायला काढलं होतं, ते तसंच भिंतीला टेकून ठेवलंय.

खानापूर ते विनिपेग
सापडलं काका! फर्नेस जुनी आहे, हा फॅन-लिमिट कंट्रोल, म्हणजे तापमान बघून फॅन चालू-बंद करणारा आणि जास्त तापलं की गॅस तोडणारा स्विच. ते पांढरं बटन आत दाबलं की फॅन कायम चालू, बाहेर ओढलं की ऑटो. फोटोत ते आत गेलेलं स्पष्ट दिसतंय, पुसताना दाबलं गेलं असणार. फर्नेसचं बटन बंद करून ते पांढरं बटन बोटांनी बाहेर ओढायला सांगा. चकती मात्र हातानं फिरवू नका, तिच्यामागं धातूच्या पट्टीचं वेटोळं असतं, ते तापलं की चकती आपोआप फिरते, हातानं फिरवली की हिशेब बिघडतो.

आणि बर्नर विझला की फॅन लगेच थांबणार नाही, थोडा वेळ फिरेल. डक्टमधली हवा फॅन-ऑफच्या काट्याच्या खाली उतरली की मग थांबतो, काटा १०० फॅरनहाइटवर असेल तर आपले ३८ अंश. घाबरून परत पांढरं बटन दाबू नका.

वडगावचा वायरमन
ओढलं. बर्नर पेटला, थोड्या वेळानं फॅन उठला, खोली तापली, बर्नर विझला, मी फोनवरच घड्याळ बघत बसलो होतो, दीड मिनिटानं फॅन थांबला. तळघरात इतकं शांत झालं की वर बाळाला लागलेली उचकी हिला खालनं ऐकू आली. खानापूरवाले दादा, तुमचे उपकार विसरायचो नाही. आता ही खरं सांगायला लागली, दुपटी लवकर वाळावीत म्हणून फर्नेसच्या अंगालाच दोरी बांधली होती, काढता-घालता तिचाही हात लागला असेल म्हणते.

खानापूर ते विनिपेग
काका, दोरी आजच्या आज सोडायला सांगा. आत उघडी ज्योत असते, कपडे निदान तीन फूट लांब पाहिजेत. वरचं दार परत बसवा. सोमवारचा माणूस रद्द करू नका, त्याला हीट एक्स्चेंजरला, म्हणजे ज्योतीची उष्णता हवेला देणाऱ्या धातूच्या भागाला, तडा गेलाय का तेवढं बघायला लावा, जुन्या फर्नेसला तडा गेला तर कार्बन मोनॉक्साइड खोल्यांत येऊ शकतं, त्याला वास नसतो. झोपायच्या खोलीबाहेर त्याचा अलार्म आहे का, आणि बटन दाबल्यावर वाजतोय का, हे आज रात्रीच विचारा.

वडगावचा वायरमन
विचारलं. अलार्म आहे, पण सेल काढून ठेवलेले होते. जावई दुकानात गेलेत.