नीमोचा मूकपट: खऱ्या समुद्रातलं चित्रण

जुने मूकपट आता फार संथ वाटतात, हे तुमचं म्हणणं पटतं. तरी फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नच्या 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी' या कादंबरीवरचा १९१६ चा मूकपट चिकाटीने बघाच. मी काल रात्री पुन्हा पाहिला. पाण्याखालची दृश्यं बहामाजच्या खऱ्या समुद्रात घेतलीत. विल्यमसन बंधूंनी जहाजातून खाली सोडलेल्या नळीच्या टोकाला काचेची खिडकी असलेली कोठी बसवली होती. त्यांचं पाण्याखालचं चित्रण त्यातूनच सुरू झालं. पोवळ्यांमधून जड पावलं टाकणारे पाणबुडे दिसले की मी आजही श्वास रोखून बसतो. ऑक्टोपस मात्र नकली आहे, आणि ते कळतं.

दुसरी गोष्ट आपल्या जवळची. १८७० च्या या कादंबरीत पाणबुडीचा कप्तान नीमो मूळचा कोण, हे गूढच राहतं. व्हर्नच्याच पुढच्या 'मिस्टीरियस आयलंड' कादंबरीत तो बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, १८५७ च्या उठावात लढलेला राजपुत्र डाक्कार निघतो. या मूकपटाने दोन्ही कादंबऱ्या एकत्र केल्यात, त्यामुळे कथा जरा विस्कटते. पण नीमोचं भारतीयत्व पडद्यावर स्पष्ट दाखवलंय, याचं मला फार मोल वाटतं.