मदत हवी आहे: टॉयलेट ट्रेनिंगसाठी मूल तयार आहे हे ओळखायचं कसं?

पडद्यामागची_आई

मुलगा पुढच्या महिन्यात अडीच वर्षांचा होईल. डायपर सोडवायचा की अजून थांबायचं, यावर घरात रोज तेच दळण. सासूबाई म्हणतात, "आमची पोरं वर्षाची व्हायच्या आत सांगायला लागली होती." नवरा म्हणतो, "शिकेल आपोआप, कॉलेजला कोणी डायपर घालून जात नाही." मी दोघांच्या मधोमध.

सध्याची परिस्थिती लिहिते. दुपारी झोपून उठतो तेव्हा डायपर बहुतेक वेळा कोरडा असतो. एरवीही दोन-अडीच तास सहज निघतात. "चप्पल काढ आणि कोपऱ्यात ठेव" असं सांगितलं की दोन्ही गोष्टी करतो. चड्डी खाली ओढता येते, वर घेताना मागे अडकते. शू होऊन गेल्यावर सांगतो, आधी नाही.

शीचं प्रकरण वेगळंच आहे. आली की पडद्यामागे जातो, पडदा दोन्ही मुठींत घट्ट धरतो, टाचा वर, पाय ताठ, चेहरा लालबुंद. मी डोकावले तर "आई, तू जा!" त्याच्यासाठी छोटी पॉटी आणली आहे. तिच्यावर अस्वलाला बसवतो, कपड्यांनिशी स्वतःही बसतो. चड्डी काढून बसवायला गेलं की अंग ताठ करून रडतो.

चार महिन्यांनी प्लेग्रुप सुरू होईल आणि तिथे डायपर चालत नाही. हा तयार आहे का? नसेल तर नेमकं कशाची वाट बघायची?

निवांत_बाबा

आमचं रत्न तिसरा वाढदिवस झाल्यावर तयार झालं आणि मग आठवड्याभरात मोकळं. त्याआधी जेवढी मेहनत घेतली ती सगळी आमच्याच करमणुकीसाठी होती असं आता वाटतं. घाई नको.

दोन_पिल्लं

निवांत_बाबा, तुमचं नशीब. सगळ्यांचं असं आठवड्यात होत नाही हो.

ताई, 'तयार' म्हणताना तीन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात, त्या सुट्या करून बघा. एक, शरीर. दोन तास कोरडं राहणं, झोपून कोरडं उठणं, म्हणजे मूत्राशय साठवून ठेवायला लागलंय. ते तुमच्याकडे आहे. दोन, समज. शू झाल्यावर सांगतो म्हणजे ओलं-कोरडं कळतं. 'होतेय' आणि 'येतेय' हे त्यानंतर हळूहळू कळतं, त्यामुळे आधी सांगत नाही याची काळजी नको. शीच्या बाबतीत तर तो आधी जाऊन लपतो, म्हणजे 'येतेय' हे तिथे पक्कं कळतंय. तीन, मर्जी. ती मात्र अजून नाही, आणि तिला शॉर्टकट नाही. चालणं, बोलणं, जेवणं यात आपण थोडंफार ओढून-ताणून नेऊ शकतो, पण शी-शूच्या बाबतीत झडप मुलाच्या ताब्यात असते.

वयाचं म्हणाल तर बहुतेक मुलांमध्ये ही लक्षणं दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान कधीतरी दिसतात. मुली सरासरीने थोड्या आधी. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ ब्रेझल्टन यांनी 1962 मध्ये त्यांच्याकडे येणाऱ्या 1170 मुलांची माहिती छापली होती. मुलाच्या कलाने शिकवलेल्या त्या मुलांचा दिवसाचा डायपर सुटायचं सरासरी वय साडेअठ्ठावीस महिने होतं. सरासरी म्हणजे बरीच मुलं त्याच्या पुढचीही. 2003 मधल्या दुसऱ्या एका अमेरिकन अभ्यासात असं दिसलं, की 27 महिन्यांच्या आधी जोर लावून सुरुवात केली तरी शिकणं सहसा लवकर पुरं होत नाही, नुसतं जास्त दिवस चालतं.

जुनी_खोड

सासूबाई अगदीच खोटं बोलत नाहीत बरं का. तेव्हा कापडी लंगोट असायचे, ओलं झालं की पोराला लगेच टोचायचं. आताचा डायपर सगळं शोषून घेतो, पोराला पत्ताच लागत नाही. पण वर्षाच्या आत 'सांगायचं' म्हणजे काय, तर घरातलं कोणीतरी पोराच्या चेहऱ्याकडे बघत वेळा सांभाळायचं आणि नेऊन बसवायचं. सवय बाळाला कमी आणि मोठ्यांना जास्त लागलेली असायची. तेही चालतं, पण घरात तेवढे रिकामे हात हवेत. सासूबाईंना सांगा, "तुम्ही वेळा सांभाळा," चर्चा आपोआप मिटेल.

वॉर्डातली

मी लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे. वरचं सगळं बरोबर, पण माझी नजर पडद्यावर अडली. टाचा वर, पाय ताठ, काहीतरी घट्ट धरून उभं राहणं, याला घरचे 'जोर लावतोय' म्हणतात. बऱ्याचदा ते उलट असतं, मूल शी रोखून धरत असतं. ढकलायचं असेल तर मूल गुडघे वाकवतं, उकिडवं बसतं. ताई, दोन गोष्टी सांगा. किती दिवसांनी होते? आणि कशी होते, मऊ की खडा?

पडद्यामागची_आई

अरे देवा, हे डोक्यातच आलं नव्हतं. दोन-तीन दिवसांनी होते, कधी चौथा दिवस उजाडतो. कडक असते, सुरुवातीला खडे. मागे एकदा पुसताना रक्ताचा बारीक ठिपका दिसला होता. तेव्हापासून लपणं वाढलं का? बहुतेक हो.

वॉर्डातली

मग ट्रेनिंगचा प्रश्न दुसरा, बद्धकोष्ठतेचा पहिला. चक्र असं असतं: एकदा दुखलं, म्हणून रोखलं. रोखलं की आतलं पाणी शोषलं जातं आणि शी आणखी कडक होते. पुढच्या वेळी आणखी दुखतं. अशा मुलाला पॉटीवर बसवणं म्हणजे दुखणाऱ्या जागी नेऊन बसवणं. रडणार नाही तर काय करेल? बरेच दिवस साठत गेलं तर कडक गोळ्याच्या कडेने पातळ शी झिरपून चड्डी खराब होते, आणि घरच्यांना वाटतं पोर मुद्दाम करतंय किंवा जुलाब लागलेत.

बालरोगतज्ज्ञांना दाखवा, रक्ताचा ठिपकाही सांगा. शी मऊ करणारं औषध देतील, ते बहुधा काही आठवडे ते महिने घ्यावं लागतं. दोन दिवस बरं वाटलं की बंद करायचं नाही, सगळे तिथेच चुकतात. आपल्या मनाने एनिमा किंवा बत्ती नको.

तोवर शी डायपरमध्येच होऊ द्या, अजिबात टोकू नका. रोज मऊ, न दुखता व्हायला लागली की जागा हळूहळू सरकवायची. आधी डायपर घालूनच पण बाथरूममध्ये, मग डायपरसकट पॉटीवर. जेवणानंतर आतड्यांची हालचाल आपसूक वाढते, ती वेळ साधायची. पाच मिनिटं बसवायचं, झाली तर झाली. पाय लोंबकळता कामा नयेत. छोट्या पॉटीवर ते जमिनीला टेकतात, मोठ्या सीटवर बसवलंत तर खाली पाट द्या, गुडघे कमरेपेक्षा जरा वर यायला हवेत. अधांतरी पायांनी जोर लागत नाही.

शूचं तेवढं थांबवायची गरज नाही. मुलं दोन्ही एकदम शिकत नाहीत, शू आधी आणि शी नंतर हे सर्रास दिसतं. त्याला बसूनच शिकवा, उभं राहणं पुढे येईल.

दोन_पिल्लं

वॉर्डातली, _/\_. मी 'मर्जी नाही' म्हणून मोकळी झाले होते, त्या मर्जीमागे दुखणं असेल हे तुम्ही पकडलंत.

ताई, एक भर. कमरेला सैल इलॅस्टिकची चड्डी घाला, बटणं-चेन काही नको. मागे अडकते म्हणालात ना, त्याचा हात पाठीमागे नेऊन अंगठा इलॅस्टिकच्या आत घालायला शिकवा. आमच्याकडे निम्मी लढाई तिथेच जिंकली.

पडद्यामागची_आई

उद्याचीच डॉक्टरांची वेळ घेतली. दोन शंका राहिल्यात. चार महिन्यांत नाही जमलं तर प्लेग्रुपचं काय? आणि रात्रीचा डायपर दिवसाच्या बरोबरच काढायचा का?

वॉर्डातली

रात्रीचा राहू द्या. झोपेत कोरडं राहणं शिकवून येत नाही. रात्री लघवी कमी बनवणारं संप्रेरक आणि भरल्या मूत्राशयाने जाग येणं, दोन्ही आपल्या गतीने पिकतं. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं होण्याला आम्ही आजार म्हणत नाही. आई किंवा बाबा लहानपणी उशिरापर्यंत करत असतील तर पोरातही बऱ्याचदा तेच येतं, नवऱ्याला विचारून बघा :)

मात्र लघवी करताना रडला, सतत थेंब-थेंब गळत राहिली किंवा कोरडा राहायला लागून पुन्हा ओला व्हायला लागला, तर वाट न बघता दाखवा.

प्लेग्रुपला आत्ताच फोन करून सांगा, बद्धकोष्ठतेचे उपचार चालू आहेत. लागली तर डॉक्टरांची चिठ्ठी मागून घ्या. 'डायपर चालत नाही' म्हणणाऱ्या बऱ्याच ठिकाणी कपड्यांचे दोन जास्तीचे जोड दिले की चालवून घेतात. नाहीच ऐकलं तर प्रवेश थोडा पुढे ढकला, पण तारखेसाठी त्याला पॉटीवर धरून बसवू नका.