बायोटिन आणि केसगळती
केस गळू लागताच बायोटिनच्या (ब गटातील एका जीवनसत्त्वाच्या) गोळ्या सुरू कराव्यात, हा सल्ला मला पटत नाही. बायोटिनची खरी कमतरता विरळाच आढळते, आणि ती नसताना या गोळ्यांनी गळती थांबते याला भक्कम पुरावा नाही. लोहाची कमतरता मात्र पुष्कळांना असते, म्हणून आधी फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) तपासून घ्यावे. मोठा ताप किंवा बाळंतपण यांनंतर दोन-तीन महिन्यांनी सुरू होणारी गळती बहुधा आपोआप थांबते, आणि श्रेय त्या काळात घेतलेल्या गोळ्यांना मिळते. अ जीवनसत्त्वाच्या अतिरेकाने तर उलट केस गळतात. शिवाय बायोटिनच्या मोठ्या मात्रेमुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकारासाठीच्या ट्रोपोनिन चाचणीचे आकडे चुकू शकतात. तेव्हा रक्त देण्यापूर्वी डॉक्टरांना गोळ्यांविषयी अवश्य सांगावे.